रिपीटर आणि बोंडअळी

आमच्याकडे डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेचा अभ्यास पोरगं एकटं करत नाही, अख्खं गाव करतं. पहिल्या खेपेला नंबर लागला नाही तेव्हापासून माझ्या फिजिक्सची चर्चा पानठेल्यावर चालते. “काऊन बे, औंदा तरी लागते का?” हे विचारणाऱ्या काकांची स्वतःची दहावी कधी निघाली, ते मात्र कोणी विचारत नाही.

रिपीटरचं धोरण म्हणजे नवं पुस्तक घ्यायचं नाही, एनसीईआरटीचं पाठ्यपुस्तकच ओळ न् ओळ घोकायचं. ७२० पैकी ३६० मार्क एकट्या बायोलॉजीचे. पेपर २ ते ५ असतो, म्हणून सराव टेस्टही त्याच वेळेत सोडवायची. असा सल्ला देणाऱ्यांनी मे महिन्यातली आमची दुपार पाहिलेली नसते. पारा ४५ वर, लाइन गेलेली, कूलरच्या ताट्या वाळलेल्या. ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोल भरताना कोपरावरून घाम ओघळतो आणि दुसऱ्या पर्यायाची शाई तिसऱ्यात शिरते. चुकलं की एक मार्क कापतात. घामाला सूट नाही.

पण खरी अडचण बाबांची. दिवाळीनंतर एकदा ओसरीत मोठ्यानं घोकत होतो: क्राय-वन-एसी आणि क्राय-टू-एबी ही जनुकं कपाशीवरच्या बोंडअळीचं नियंत्रण करतात. बाबा बैलांपुढे कडबा टाकत होते, ते थांबले.

“कायचं नियंत्रण म्हन्तं?”

मी पुन्हा वाचलं. ते उठले, वावरातून आणलेल्या पऱ्हाटीचं एक किडकं बोंड घेऊन आले आणि नखानं फोडलं. आत गुलाबी अळी, सरकीत तोंड खुपसून मजेत.

“हिले वाचून दाखव.”

काय वाचून दाखवणार! बीटी कपाशीत घातलेली ही दोन्ही जनुकं गुलाबी बोंडअळी पचवून बसली आहे. २०१७ साली विदर्भानं ते भोगलंय. पण पेपरात ती मेलीच पाहिजे, नाही तर आपले मार्क मरतात. म्हणून मी अळीकडे पाठ करून तेच वाक्य पुन्हा घोकलं.

बाबांनी मात्र ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी फवारणीचं औषध आणायला गेले, तर कृषी केंद्रात म्हणाले, “अळीले क्राय-वन-एसी पचते. त्याच्या वरचं काही असन तर द्या.”

दुकानदार थक्क. “पोट्ट्याले अ‍ॅग्रीले टाका ना भाऊ!”

संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर माझी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात अ‍ॅडमिशन होऊन, होस्टेलची खोलीसुद्धा ठरली होती.