केटीएम मोटोजीपीमुळे बुडाली म्हणे! आधी हिशोब तरी बघा

बाइकवाल्यांच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरून फिरून येतोय. थोडक्यात सांगतो. केटीएम ही मुळात चिखलात पळणाऱ्या गाड्या बनवणारी ऑस्ट्रियातली छोटी कंपनी, होंडा-यामाहाची बरोबरी करायला म्हणून तिने अचानक मोटोजीपीत, म्हणजे बाइक रेसिंगच्या सगळ्यात वरच्या जागतिक स्पर्धेत, उडी मारली, तिथे काही जमलं नाही, पैसा पाण्यासारखा गेला, त्यातूनच दिवाळं निघालं, रस्त्यावर पळणाऱ्या ड्यूक या तिच्या बाइकला त्याचा काडीचा फायदा नाही, शेवटी आपल्या बजाजला धावत जाऊन वाचवावं लागलं आणि आता बजाजने पहिलं काम करावं ते हे रेसिंग बंद करण्याचं. वाचायला पटतं, म्हणून तर लोक पुढे ढकलतायत. पण मी स्वतः 390 ड्यूक चालवतो, गेली कित्येक वर्षं मोटोजीपीची एकही रविवार संध्याकाळ सोडलेली नाही, आणि यातलं बरंचसं चुकीचं आहे हे दिसत असताना गप्प बसवत नाहीये.

"अचानक उडी मारली" इथूनच सुरू करू. चिखलातली कंपनी हे खरं आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही, 2001 ते 2019 मध्ये डकार ही वाळवंटातली रॅली सलग 18 वेळा जिंकणं म्हणजे खायचं काम नाही. पण रोड रेसिंगमध्ये केटीएम 2003 ला आली आणि तीही सगळ्यात खालच्या पायरीवर, 125 सीसीत. 2004 ला सेपांगला केसी स्टोनरने तिला पहिला विजय मिळवून दिला, हो, तोच स्टोनर जो पुढे दोनदा मोटोजीपी चॅम्पियन झाला. 2005 ला 125 मध्ये कंपन्यांचं विजेतेपद केटीएमचं, पण रायडरचं हुकलं आणि ते कसं हुकलं ते ऐका, कतारला टीममधल्याच तालमाचीने शेवटी केटीएमच्याच, विजेतेपदाच्या शर्यतीत असलेल्या मिका कालिओच्या पुढे गाडी काढली, कालिओचे 5 गुण गेले आणि सीझनच्या शेवटी होंडावरचा थॉमस लुथी बरोबर 5 गुणांनी चॅम्पियन झाला. त्याच वर्षी मोटोजीपीतही एक प्रयत्न झाला होता, केनी रॉबर्ट्सच्या टीमला व्ही-4 इंजिन द्यायचं होतं, ते नीट जुळलं नाही तर चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या शर्यतीच्या तोंडावर अर्ध्या सीझनमधून केटीएमने अंग काढून घेतलं. पुढे मंदी आली तेव्हा 2009 नंतर ग्रांप्रीतूनच बाहेर. म्हणजे झेपत नाही असं दिसलं की थांबायचं, हे या कंपनीने दोनदा करून दाखवलंय. मग 2012 ला मोटो3 या सगळ्यात खालच्या पायरीवरून परत सुरुवात, पहिल्याच वर्षी सँड्रो कोर्टेसे चॅम्पियन, 2013 ला विन्यालेस, 2016 ला ब्रॅड बाइंडर, 2017 पासून मधल्या पायरीला, मोटो2 ला, स्वतःची चेसिस (गाडीचा सांगाडा), आणि त्याच वर्षी मोटोजीपीत पूर्ण सीझन. 14 वर्षं पायरी पायरीने चढलेल्याला अचानक म्हणत असतील तर मग अवघड आहे.

आता "काही जमलं नाही". 2017 ला कतारला पोल एस्पारगारो 16वा आणि ब्रॅडली स्मिथ 17वा आले, गुण पहिल्या 15 जणांनाच, म्हणजे दोघं मिळून गुण शून्य. मला ती रात्र आठवते, कॅमेरा त्यांच्याकडे जातच नव्हता. 2018 च्या शेवटच्या शर्यतीत व्हॅलेन्सियाच्या पावसात एस्पारगारो तिसरा आला तो पहिला पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतली जागा. आणि मग 9 ऑगस्ट 2020, ब्रनो. जिथून 2005 ला इंजिन मागे घ्यायची वेळ आली होती तेच ब्रनो! बाइंडर मोटोजीपीत नवखा, आयुष्यातली तिसरी मोटोजीपी शर्यत, आणि पोराने सरळ जिंकली. त्याच महिन्यात मिगेल ऑलिव्हेराने रेड बुल रिंगला केटीएमच्या गाड्या चालवणाऱ्या टेक3 या टीमकडून जिंकली, म्हणजे कंपनीच्या घरच्या ट्रॅकवर, आणि वर्षअखेरीस पोर्तिमाओला परत तोच. एका सीझनमध्ये तीन. त्याच 2020 मध्ये होंडाला एकही शर्यत जिंकता आली नाही, त्यांचा मुख्य रायडर मार्केझ जखमी होता हे मान्य, पण होंडा म्हणजे वर्षाला पावणेदोन-दोन कोटी दुचाकी विकणारी कंपनी, तिच्याकडे माणसं आणि पैसा कमी होता असं तर कोणी म्हणणार नाही ना.

2021 ची ऑस्ट्रिया तर मी कोणालाही बसवून दाखवेन. शेवटच्या काही लॅप राहिल्या, पाऊस वाढला, पुढचे सगळे पिटमध्ये टायर बदलायला वळले आणि बाइंडर एकटा स्लिकवर, म्हणजे कोरड्या ट्रॅकच्या गुळगुळीत टायरवर, बाहेरच राहिला, ओल्या ट्रॅकवर स्लिक म्हणजे साबणावर चालणं, गाडी प्रत्येक वळणावर हलत होती, ब्रेक गार पडत चाललेले, वरून ट्रॅकची हद्द ओलांडली म्हणून 3 सेकंदांचा दंड बसला तरीही जिंकला. मी उभा राहून बघत होतो आणि आई आतून विचारत होती काय झालं म्हणून. अर्थात हा माणूस 2016 ला हेरेझला मोटो3 मध्ये सगळ्यात शेवटून, 35व्या जागेवरून सुरुवात करून जिंकलेला, तेव्हा तसं नवल नको वाटायला.

2022 ला इंडोनेशिया आणि थायलंड धरून 2020 ते 2022 मध्ये केटीएमने एकूण 7 मुख्य शर्यती जिंकल्या. आणि इथे मेसेजवाल्यांना जे द्यायचं ते देतो, त्यानंतर 2025 संपेपर्यंत मुख्य शर्यतीत एकही विजय नाही. हे टोचतं, मला तर फार टोचतं, पण डुकाटीच्या आठ-आठ गाड्या ट्रॅकवर असताना 2023 आणि 2024 ला कंपन्यांमध्ये केटीएमच दुसरी होती आणि 2025 ला, म्हणजे कंपनी घरी आचके देत होती त्या वर्षी, पेद्रो अकोस्टा रायडरमध्ये चौथा आला. न जमणं असं दिसत नाही.

बरं, मुख्य आरोप. रेसिंगमुळे दिवाळं. 29 नोव्हेंबर 2024 ला केटीएमने ऑस्ट्रियाच्या कोर्टात अर्ज केला, कारभार कंपनीच्याच हातात ठेवून देखरेखीखाली पुनर्रचना करायचा. देणी दोन अब्ज युरोच्या आसपास. आता बघा, 2017 ला मोटोजीपी सुरू केली तेव्हा ग्रुप वर्षाला साधारण 2 लाख 38 हजार गाड्या विकत होता, 2023 ला तो आकडा 3 लाख 81 हजारांवर गेला, उलाढाल 2.66 अब्ज युरो. रेसिंग चालू असतानाच हे वाढलंय. मग मोडलं कुठे? गोडाऊनमध्ये! कोविडनंतर मागणी उसळली ती कायमची समजून गाड्या बनवत राहिले, इकडे अमेरिका-युरोपात व्याजदर चढले, हप्ते महागले, शोरूममधून गाडी हलेना, डीलरकडे स्टॉक साचला तरी कारखाना चालूच, शेवटी लाखाहून जास्त न विकलेल्या गाड्या पडून होत्या. प्रत्येक उभी गाडी म्हणजे अडकलेला पैसा आणि तो पैसा कर्जाचा. त्यात सायकली आणि ई-सायकलींचा धंदा अंगावर आला, 2024 मध्येच इटलीच्या एमव्ही अगुस्ताचा निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला. अंथरूण पाहून पाय पसरले नाहीत हे खरं, पण ते पाय ट्रॅककडे नाही, कारखाना आणि दुकानांकडे पसरले होते. पुढे 2025 ला ऑस्ट्रियातला मॅटिगहोफेनचा कारखाना दोनदा बंद ठेवावा लागला, दुसऱ्यांदा तर सुटे भाग येईनात म्हणून. यातलं काय मोटोजीपीने केलं सांगा.

रेसिंग फुकट होतं असं मी म्हणत नाहीये. चार गाड्या, टेस्ट टीम, जगभर फिरणं, खर्च मोठाच असतो आणि पुनर्रचनेच्या चर्चेत मोटोजीपीतून बाहेर पडायचा मुद्दा होताच. पण खर्च असणं वेगळं आणि बुडायचं कारण असणं वेगळं. सुझुकी 2020 ला जगज्जेती झाली आणि 2022 संपताच सोडून गेली, तिचं काय दिवाळं निघालं होतं का.

"ड्यूकला काडीचा फायदा नाही" यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. मोटोजीपीत बाकी सगळ्यांनी ॲल्युमिनियमची फ्रेम धरली असताना केटीएम स्टीलची फ्रेम घेऊन उतरली, लोक हसले, आणि त्याच स्टीलवर ब्रनो जिंकली. स्टीलचे पाइप जोडून केलेली जाळीची फ्रेम तुमच्या-माझ्या ड्यूकला पण आहे, तोच पार्ट नाही हे मला कळतं, पण कुठे कडक ठेवायची आणि कुठे लवचिक सोडायची हे डोकं त्याच घरातलं. सस्पेन्शन बघा, ग्रिडवर बाकीचे ओहलिन्स कंपनीचं लावतात, केटीएमने स्वतःच्या ग्रुपमधल्या डब्ल्यूपी कंपनीचंच लावलं आणि तेच नाव माझ्या 390 च्या फोर्कवर लिहिलंय. ताम्हिणीच्या वळणांवर ब्रेक धरून आत शिरताना पुढचं चाक काय करतंय ते हाताला कळतं, तेव्हा मला तरी हा नुसता स्टिकर वाटत नाही. पुढे 2023 ला मिसानोला केटीएमचा टेस्ट रायडर दानी पेद्रोसाने कार्बन फायबरच्या फ्रेमवर वाइल्डकार्ड म्हणून, म्हणजे फक्त त्या शर्यतीपुरता, येऊन चौथा नंबर काढला, ते आपल्या गाडीत कधी येणार नाही, मान्य. सगळंच खाली येत नाही.

आणि गाड्या सोडा, माणसं बघा. 2007 पासून रूकीज कप या नवख्या पोरांच्या स्पर्धेत सगळे केटीएमवरच पळतायत. पहिला विजेता झारको, 2014 ला होर्हे मार्टिन, 2020 ला अकोस्टा. मार्टिन 2024 चा मोटोजीपी चॅम्पियन, भले डुकाटीवर. गरिबाघरच्या पोराला हातात चांगली गाडी मिळायची ही एक वाट आहे आणि ती ज्यांनी बांधली त्यांना उधळे म्हणणं मला पटत नाही.

राहिला बजाजचा मुद्दा. बजाज काही परकी नव्हती, 2007 ला साडेचौदा टक्के हिस्सा घेतला, पुढे तो निम्म्याच्या जवळ गेला, 2011 पासून चाकणला ड्यूक बनतायत आणि 2023 च्या सुरुवातीला तिथून 10 लाखावी केटीएम बाहेर पडली. 2025 ला ज्यांचं देणं होतं त्यांना त्यातले 30 टक्के द्यायला आणि कारखाना उभा करायला 60 कोटी युरो ओतले ते स्वतःचं घर वाचवायला. आता त्यांनी रेसिंग ठेवायचं की नाही हा मालकांचा निर्णय, त्यांनी उद्या बंद केलं तर मला वाईट वाटेल पण शिव्या देणार नाही. फक्त तो निर्णय घेताना 2027 पासून इंजिन 1000 वरून 850 सीसीवर येतंय, म्हणजे सगळ्यांनाच नव्याने सुरुवात करायची आहे हे बघावं, आणि चाकणहून निघणारी केशरी गाडी पोरं रेडी टू रेस या केटीएमच्या घोषवाक्यातल्या तीन शब्दांसाठी घेतात हे पण बघावं. मी 2014 ला शोरूममध्ये गेलो तेव्हा मायलेज विचारलंच नव्हतं.