राजपार्टीला आपलं हर्नियाचं ऑपरेशन कसं सांगावं

तुळशीचं लग्न लागलं की पावसाच्या तोंडापर्यंत सिंधुदुर्गात कुठल्या ना कुठल्या देवळापुढे दशावताराचं रात्रभराचं नाटक चालूच असतं. पात्रं पुराणातली घ्यायची आणि व्यासांनाही सुचलं नसतं असं आख्यान रचायचं, ही इथली जुनी चाल. बाहेरचं जग त्याला फॅन फिक्शन म्हणतं, आपण काल्पनिक नाटक म्हणतो. संहिता कागदावर नसते. कुणाला शाप, कोण कुणाचा हरवलेला मुलगा, एवढा क्रम आधी ठरतो. बाकीचं बोलणं बाकड्याच्या सिंहासनापुढे, पेटी-पखवाजाच्या साथीत, जागच्या जागी सुचतं. रात्रभर असं बोललेल्या माणसाला रसिकाची पावती हवीच असते, आणि ती द्यायला तुमच्यासारखा अनुभवी माणूस हवा.

वेळ नेमकी साधा. पहाटे नाटकाच्या शेवटचा दहीकाला झाला, मुकुट उतरला, राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट, तोंडाला खोबरेल लावून रंग काढायला बसली, की पुढे व्हा. डोळे मिटलेले असतात, पळता येत नाही. स्त्रीपार्टी, म्हणजे बाईचं काम करणारा पुरुष, असेल तर लुगड्याच्या पिना तोंडात धरलेल्या असताना गाठा, म्हणजे मध्येच बोलणार नाही.

सुरुवात नाटकापासूनच करायची, नाहीतर उद्धट दिसतं. ‘‘दादानू, तुमका बाण लागलो आणि माका माझा हर्नियाचा ऑपरेशन आठावला.’’ झालं, नाटक संपलं. इथून पुढे दवाखाना, टाके, त्या वॉर्डातलं जेवण, जावयाने न भरलेलं बिल. नाटकाला एक वाक्य आणि आपल्याला वीस मिनिटं, हे प्रमाण मोडू नका.

काही भाबडे लोक उलटं करतात. आपलं दुःख एका वाक्यात उरकतात आणि ते कुठल्या प्रवेशाला जाऊन भिडलं एवढंच सांगतात: ‘राणी दाराशी नुसती उभी राहिली, तिथे आमची आई आठवली.’ याचा धोका ओळखा. कलाकाराला कळतं की तिथलं न बोलणं लागू पडलं. पुढच्या जत्रेत तो तिथे जरा जास्त थांबतो, पखवाजवाल्याला हात धरायची खूण करतो, प्रवेश आणखी चढतो. नाटक सुधारलं, पण तुमचं नाव कुणाच्या ध्यानात राहिलं?

मयताची गोष्ट सांगायची असेल तर शेवट लोंबता ठेवून समोरच्याकडे बघत राहा. ‘सांगून बरं वाटलं, तुम्ही काही बोलायला नको’ असं चुकूनही म्हणू नका, तो सुटतो. रात्रभर राक्षस मारून घसा बसलेला आहे, आता त्यानेच तुमचं सांत्वन करायचं.

स्वतःचा अनुभव कमी पडला तर दुसऱ्याचा वापरावा. नाव मात्र घेऊ नये, आपल्यात तशी पद्धत नाही. ‘खालच्या वाडीतली, मास्तरांची धाकटी, माहेरी येऊन बसलीय ती’ एवढं पुरे. चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जाईल असा आवाज ठेवा.

जाणकारांसाठी वेगळी वाट आहे. ज्याने रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या जाळ्याचे, दोर ओढलेत, त्याने समुद्रमंथनात देवांची वासुकीवरची पकड साफ चुकली हे सांगितलंच पाहिजे. विषय मोहिनीचा होता, पकडीचा नव्हता, असल्या सबबी ऐकू नयेत.

सासूचा छळ फारच खरा वाटला तर ‘घरात तसंच चालतं काय?’ हे विचारायला विसरू नका, विशेषतः कलाकाराची बायको डबा घेऊन शेजारी उभी असेल तर. माणूस मनाने काही रचू शकतो, यावर विश्वास कशाला ठेवायचा?

यात एकच अडचण येते. तुम्ही तिसऱ्या टाक्यापाशी पोचता आणि मागे उभा असलेला कुणीतरी ‘‘ता काय मोठा? माझा आयका!’’ म्हणून मुतखडा काढतो. तुमची जुंपते तोवर पेटारे टेम्पोत चढतात, राजपार्टी त्यांच्यावर पाय पसरून झोपते आणि गाडी पुढच्या जत्रेला लागते. अशा वेळी आवाज चढवा. ऐकायला कुणी उरलं नसलं तरी ऑपरेशन अर्ध्यावर सोडायचं नसतं.