पुढचं पाठ, मागचं सपाट?

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. नातेवाइकांचा ग्रुप, शाळेतल्या वर्गमित्रांचा, ऑफिसातला, आणि चौथ्यांदा थेट एका मैत्रिणीकडून, 'तुझ्यासाठीच लिहिलंय बघ' अशा शेऱ्यासकट. नाव 'झालं गेलं गंगेला मिळालं'. आतला मजकूर थोडक्यात असा: गाडीची समोरची काच मोठी आणि मागचं दाखवणारा आरसा छोटा असतो, कारण आयुष्यात मागे बघायचं नसतं. जुन्या गोष्टीचा विचार आला की तिथल्या तिथे झटकून टाका. स्वतःला कामात बुडवून घ्या. दिवसाला बारा-चौदा तास राबणाऱ्याला रडायला वेळच मिळत नाही. एडिसन हजारो वेळा हरला, पण प्रत्येक हार विसरत गेला म्हणून दिवा लागला. हे सगळं २१ दिवस करा, सवय लागेल आणि कामाचा वेग दुप्पट होईल. ज्यांनी त्रास दिला त्यांना ब्लॉक करा. खाली जोडलेल्या हातांचे दोन इमोजी.

मैत्रिणीने तो मलाच का पाठवला याला कारण आहे, ते पुढे येईल. आधी आरशाचं बघू.

आरसा छोटा असतो हे खरं. पण गाडी शिकवणारा माणूस सगळ्यात जास्त कशावरून ओरडतो? लेन बदलताना, वळताना, ब्रेक दाबताना आरशात बघितलं नाही म्हणून. समोर सतत बघायचं असतं म्हणून काच मोठी. मागे क्षणभर बघून नजर परत पुढे आणायची असते म्हणून आरसा लहान. म्हणजे गाडीकडून शिकायचंच असेल तर 'थोडंच बघा, पण नेमाने बघा' हे शिकावं. बाजूचा बहिर्वक्र आरसा तर आणखी खोडकर: मागचं वाहन असतं त्यापेक्षा लांब दाखवतो. मेसेज लिहिणारा बहुधा शेजारच्या सीटवर बसूनच फिरत असावा.

आता 'विचार झटकून टाका'. या मेसेजमधला सगळ्यात निरुपद्रवी वाटणारा आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला हाच.

डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. गंमत पुढे आहे. नंतर त्याच विद्यार्थ्यांना 'आता खुशाल अस्वलाचा विचार करा' म्हटल्यावर, ज्यांना सुरुवातीपासून तशी मोकळीक होती त्यांच्यापेक्षा यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. वेग्नरने पुढे याची जी उकल मांडली ती मला पटते. एखादा विचार येऊ द्यायचा नसेल, तर तो आला की काय हे तपासायला मनाचा एक कोपरा कायम जागा ठेवावा लागतो. पहारेकरी बसवला की चोराचं नाव दिवसभर त्याच्याच तोंडी. शिवाय माणूस थकलेला किंवा कामाच्या गर्दीत असेल तर हा डाव जास्तच उलटतो. म्हणजे नेमका ज्या वेळी काम व्हायला हवं त्याच वेळी.

हे मला प्रयोग वाचण्याआधीच कळलं होतं, फक्त त्याला नाव नव्हतं.

आधीच्या नोकरीत माझ्या एका मेलमध्ये आकडा चुकला. रकमेतलं एक शून्य. वरिष्ठांनी ती मेल पंचवीसेक जणांना पाठवली, चूक लाल रंगवून, वर 'शिका' एवढा एकच शब्द. त्यानंतर कितीतरी महिने मीटिंगमध्ये माझी पाळी आली की कुणीतरी 'शून्यं मोजलीत ना?' म्हणायचं आणि बाकीचे हसायचे. मी नोकरी बदलली. नव्या ठिकाणी यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. तरीही दोन ओळींच्या मेलला मला चाळीस मिनिटं लागायची. लिहायची, वाचायची, 'नमस्कार'नंतर स्वल्पविराम हवा की नको यावर अडायची, ड्राफ्टमध्ये ठेवायची, पाणी पिऊन यायची, पुन्हा उघडायची. पाठवल्यावर 'सेंट'मध्ये जाऊन आणखी दोनदा वाचायची. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मी पाणीसुद्धा फुंकत होते.

मला वाटायचं, आपण मंद झालोय. म्हणून वेळेच्या नियोजनाचे सगळे उपाय केले. टायमर लावला, रंगीत याद्या केल्या, पहाटे पाचला उठायला लागले. परिणाम एवढाच की चाळीस मिनिटांची मेल मी पहाटे पाच वाजता लिहायला लागले. आणि जुनं काही आठवलं की 'झालं ते झालं' म्हणून झटकायचे. झटकायचे म्हणजे काय, तर कर्सर 'सेंड'वर नेला की ते लाल अक्षर हजर.

शेवटी एका रविवारी वहीत सगळं क्रमाने लिहून काढलं. काय झालं, कोण काय म्हणालं, मला काय वाटलं. रोज पंधरा-वीस मिनिटं, चार दिवस. पहिल्या रात्री झोपच लागली नाही; असं काही लिहिलं की लगेच हलकं वाटतं असं कुणी सांगत असेल तर त्याने बहुधा लिहिलेलं नसतं. तिसऱ्या दिवशी सहज त्या नोकरीतल्या आपल्या चुका मोजायला बसले. तीन वर्षांत सांगण्यासारखे प्रकार तीनच निघाले: तो आकडा, एका गृहस्थांचं चुकलेलं आडनाव, आणि दोनदा राहिलेली अटॅचमेंट. स्वल्पविरामाचा त्यात कुठेच संबंध नव्हता. मी चूक टाळण्यासाठी मेल वाचतच नव्हते, हसणं टाळण्यासाठी वाचत होते. एका चिठ्ठीवर 'आकडे, नावं, अटॅचमेंट' असं लिहून ती स्क्रीनखाली चिकटवली. तिन्ही बघायचे आणि पाठवायचं. आता अशी मेल सहा-सात मिनिटांत जाते. वेग दुप्पट होईल असं मेसेज म्हणतो. माझा त्याहून कितीतरी जास्त झाला, पण मेसेज सांगतो त्याच्या बरोब्बर उलट करून.

लिहिण्याची ही पद्धत माझ्या डोक्यातली नाही. जेम्स पेनेबेकर हे मानसशास्त्रज्ञ १९८०च्या दशकापासून तिच्यावर काम करत आले आहेत. आपल्या विषयाला लागून असलेला त्यांचा एक अभ्यास १९९४ सालचा आहे. नोकरीवरून कमी केलेल्या व्यावसायिकांपैकी काहींना सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी जाण्याबद्दलच्या भावना लिहायला सांगितलं. काहींना पुढच्या योजनांसारख्या वरवरच्या विषयावर. पुढच्या काही महिन्यांत पहिल्या गटातल्या जास्त लोकांना नोकरी लागली. त्यांनी जास्त अर्ज केले किंवा जास्त फोन फिरवले असं दिसलं नाही. संशोधकांचा एक अंदाज असा, की जुन्या मालकावरचा राग कागदावर उतरल्याने तो मुलाखतीच्या टेबलावर सांडला नाही. तेव्हापासून या विषयावर शेकड्याने अभ्यास झाले आणि सगळे धरून पाहिलं तर सरासरी फायदा लहानच निघतो, हेही सांगायला हवं. ही जादू नाही. पण अस्वलाशी कुस्ती खेळण्यापेक्षा बरी.

इथे मेसेजच्या बाजूनेही एक गोष्ट बोलायला हवी, कारण ती खरी आहे. कोळसा उगाळावा तितका काळाच. ऑक्टोबर १९८९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मोठा भूकंप झाला. त्याच्या दोनच आठवडे आधी सुसान नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याच परिसरातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची, मन खट्टू झालं की तुम्ही काय करता, अशी चौकशी करून ठेवली होती. योगायोगाने हाती लागलेला अभ्यास. ज्यांना आधीपासून 'माझ्याच वाट्याला असं का' हे घोळवत बसायची सवय होती, ते भूकंपानंतर सात आठवड्यांनीही जास्त खचलेले होते. त्यामुळे रात्रंदिवस तेच चघळणं वाईट, यावर वाद नाही. त्याचप्रमाणे, आघात झाल्या झाल्या प्रत्येकाला बसवून 'बोला, मोकळे व्हा' असा आग्रह करणाऱ्या एकदाच्या बैठकांचाही पुढचा त्रास टाळायला उपयोग दिसलेला नाही. पुष्कळ माणसं काहीही न उकरता सावरतात. त्यांना हातात वही द्यायची गरज नाही.

पण चघळणं आणि निकाल लावणं यांत फरक आहे, आणि मेसेजला तो दिसत नाही. चघळताना प्रश्न असतो 'असं का झालं?', आणि त्याला तळ नसतो. निकाल लावताना प्रश्न असतात 'नक्की काय झालं, त्यातलं माझं किती, आणि पुढच्या वेळी काय बघायचं?'. यांना उत्तरं असतात, ती संपतात, चिठ्ठीवर मावतात. दिवसभर विचार येतच असतील तर १९८३ साली बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी तपासलेला उपाय बघा: काळजीसाठी रोज ठरलेली वेळ, ठरलेली जागा, अर्धा तास. मधे विचार आला की त्याला 'साडेसहाला ये' म्हणायचं, हाकलायचं नाही. मी हे काही आठवडे केलं. साडेसहाला निम्मे विचार येतच नसत, बहुधा त्यांनाही ठरलेल्या वेळी यायचा कंटाळा. जुनी गोष्ट झोप, भूक, रोजचं चालणं-बोलणं अडवण्याइतकी मोठी असेल तर मात्र वही पुरत नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं.

बारा-चौदा तासांचं लवकर उरकते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांचे, विशेषतः स्त्रियांचे, तास आणि उत्पादन यांच्या बारीक नोंदी ठेवल्या गेल्या. जॉन पेनकॅव्हेल या अर्थतज्ज्ञाने २०१४ साली त्या पुन्हा तपासल्या. आठवड्याला साधारण पन्नास तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढतं, त्यानंतर प्रत्येक वाढीव तासाचं फळ घटत जातं, आणि सत्तर तासांच्या आठवड्यातून छप्पन्न तासांहून फारसं जास्त काही निघत नाही. मेसेजच्या हिशेबाने सहा दिवसांचेच ७२ ते ८४ तास होतात. कामाचा आधार असतो हे मी नाकारत नाही. रोज कुठेतरी वेळेवर पोचायचं आहे या एका गोष्टीने मला त्या काळात उभं ठेवलं. पण आधार घेणं वेगळं आणि तोंड लपवणं वेगळं.

एडिसनवर मात्र जरा थांबते, कारण त्याच्यावर धडधडीत अन्याय झालाय. हजारो फसलेल्या प्रयोगांचा तो प्रसिद्ध किस्सा मुळात दिव्याचा नाहीच, बॅटरीचा आहे. १९१०च्या त्याच्या चरित्रात एका सहकाऱ्याने तो सांगितला आहे. इतके प्रयोग करून काहीच हाती लागलं नाही, असं सहकाऱ्याने हळहळून म्हटलं. त्यावर एडिसनचं उत्तर साधारण असं, की हाती पुष्कळ लागलंय, काय चालत नाही अशा कित्येक हजार गोष्टी मला आता माहीत आहेत. माहीत आहेत, विसरलो नव्हे! त्याने आणि त्याच्या माणसांनी भरलेल्या हजारो वह्या आहेत. त्याचे कागद सुमारे ५० लाख पानं भरतात आणि ते संपादित करायला रटगर्स विद्यापीठात स्वतंत्र प्रकल्प चालतो. विसरण्यासाठी कुणी एवढं लिहीत नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण दोन माणसांची आहे. एडिसनने दोघांचं काम एकट्याने केलं, आणि ते वहीशिवाय जमत नाही. मागचा धडा विसरून पुढचा पाठ करणाऱ्या पोराला आपल्याकडे 'पुढचं पाठ, मागचं सपाट' म्हणून ओरडा बसायचा. आता तोच गुण म्हणून फॉरवर्ड होतोय.

आणि २१ दिवस. ही संख्या मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या लिखाणातून पसरली. त्याचं निरीक्षण असं, की बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना कमीत कमी २१ दिवस लागतात. सांगता सांगता 'कमीत कमी' गळलं आणि चेहऱ्याच्या जागी आख्खा स्वभाव आला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर हे मोजलं, तर खाण्यापिण्याच्या किंवा व्यायामाच्या एका साध्या सवयीला सरासरी ६६ दिवस लागले. माणसागणिक अंदाज १८ ते २५४ असा पसरलेला. एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. बाविसाव्या दिवशी रडू आलं म्हणून स्वतःला नापास ठरवणाऱ्यांनी हे वाक्य जरूर वाचावं.

ब्लॉक करा, हे मला मान्य आहे. मीही दोघांना केलंय.

मैत्रिणीला एवढं सगळं काही पाठवलं नाही, फक्त स्क्रीनखालच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. तिने लगेच विचारलं, 'तीन म्हणाली होतीस ना? इथे चार दिसतायत.' चौथा शब्द 'तारीख' आहे. मागच्या आठवड्यात मी मीटिंगची तारीख चुकीची कळवली होती. दुरुस्तीची मेल दोन ओळींची, 'सेंट'मध्ये जाऊन बघितली नाही.