ओरखड्याने स्टिक सरकत नाही

आज सकाळी समोरच्या बिल्डिंगमधला अकरावीतला मुलगा जॉबशीट (दुरुस्तीची पावती) घेऊन दारात उभा होता. दसऱ्याला घेतलेला व्हिडिओ गेमचा कन्सोल, आठ महिने झालेत, वॉरंटी वर्षाची. कंट्रोलरची डावी स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची दांडी, हात न लावता डावीकडे सरकते म्हणून सर्व्हिस सेंटरला दिला होता. दहा दिवसांनी तसाच परत आला. जॉबशीटवर शिक्का: ‘फिजिकल डॅमेज, वॉरंटी लागू नाही’. खाली पेनाने लिहिलंय, नवीन कंट्रोलर घ्यावा. पुरावा काय? उजव्या मुठीच्या कोपऱ्यावर नखाएवढा ओरखडा.

ओरखडा उजव्या मुठीवर आणि बिघाड डाव्या स्टिकमध्ये! भिशी लागली तेव्हा त्याच्या आईने हा कन्सोल घेतलाय. तिला आता सहा हजारांच्या घरातला नवा कंट्रोलर घ्यायला सांगताय?

स्टिक सरकते कशाने ते नीट समजून घ्या, म्हणजे काउंटरवर कुणी तुम्हाला गप्प करू शकणार नाही. स्टिकच्या खाली दोन बारीक पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. प्रत्येकात कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारा धातूचा वायपर. पट्टीच्या दोन टोकांना व्होल्टेज दिलेलं असतं. वायपर मधोमध असला की मधल्या पायावर साधारण निम्मं व्होल्टेज मिळतं आणि कन्सोल समजतो की स्टिक स्थिर आहे. खेळताना स्टिक सगळ्यात जास्त वेळा मध्याच्या आसपास हलते, त्यामुळे पट्टी तिथेच आधी झिजते. कार्बनची भुकटी वायपरखाली साठते. मग वायपर मध्यावर असूनही आकडा चुकीचा येतो, आणि पडद्यावरचा माणूस चालायला लागतो. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. स्टिकच्या या मोड्यूलचं आयुष्य साधारण २० लाख फेऱ्यांचं सांगितलं जातं. ऐकायला प्रचंड वाटतं, पण नेमबाजीच्या गेममध्ये एका मिनिटात ऐंशी-शंभर फेऱ्या होतात. हिशेब केला तर काही शे तासांत आयुष्य संपतं. रोज दोन तास खेळणाऱ्या मुलाचं वर्षही भरत नाही.

म्हणजे ही झीज डिझाइनमध्येच आहे, आणि ते बनवणाऱ्यांना पक्कं माहीत आहे. दुसरा मार्ग नव्हता असंही नाही. १९९८ साली सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये हॉल सेन्सर होते. लोहचुंबक आणि सेन्सर, एकमेकांना टेकतच नाहीत, मग घासणार काय? सव्वीस वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही.

पडल्याने बिघडलेली स्टिक वेगळी ओळखू येते. दांडा कलतो, टोपी सैल होते, स्टिक कुठेतरी अडकते किंवा सोडल्यावर मध्ये परतच येत नाही. या मुलाची स्टिक सोडली की बरोबर मध्ये येते. येत नाही तो फक्त आकडा. कंट्रोलर कॉम्प्युटरला जोडून ब्राउझरमधल्या गेमपॅड टेस्टरवर पाहिलं, स्टिकला कुणाचाही हात नसताना आडवा आकडा शून्याऐवजी उणे ०.१४ च्या आसपास नाचत होता. हे तपासायला दोन मिनिटं लागतात. त्या दहा दिवसांत कुणी ती दोन मिनिटं दिली नाहीत, कारण ओरखडा दिसला आणि काम संपलं.

मान्य, काही मुलं रागाने कंट्रोलर भिंतीवर आपटतात. पाणी सांडलेला किंवा आत झुरळांनी घर केलेला कन्सोल वॉरंटीत आणला तर नकार देणं योग्यच. पण नुकसान आणि बिघाड यांचा संबंध दाखवायचं काम कंपनीचं आहे, त्या मुलाचं नाही.

हे नवीन नाही. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० आठवतोय ना? नोव्हेंबर २००५ मध्ये बाजारात आला, भारतात २००६ मध्ये. पुढच्या गोल दिव्याचे तीन भाग लाल लुकलुकायला लागले की कन्सोल मेला. कितीतरी लोकांना सांगितलं गेलं की तुम्हीच हवा खेळू दिली नाही, तुम्हीच कपाटात कोंबला. पोरं कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून तापवायची, तो तासभर चालायचा आणि पुन्हा मरायचा. खरं कारण काय होतं? चालू-बंद करताना ग्राफिक्स चिप तापते, गार होते, प्रत्येक वेळी किंचित फुगते आणि आकसते. त्या ताणाने चिपच्या आतली बारीक सोल्डरची (वितळवून डाग दिलेल्या धातूची) जोडणी तडकत होती. टॉवेलने तापवून ती क्षणभर टेकायची, एवढंच. म्हणून रीबॉलिंग करूनही तो कन्सोल फार टिकायचा नाही. चिपखालचे गोळे बदलले तरी तडा चिपच्या पोटात तसाच राहायचा. ज्यांच्याकडे अजून जुना पडलाय त्यांच्यासाठी सांगतो: चारही भाग लाल म्हणजे फक्त टीव्हीची केबल नीट बसलेली नाही, दोन भाग म्हणजे जास्त तापलाय, तीन भाग म्हणजे आतला बिघाड. तीन दिवे असताना सिंकचं (कंट्रोलर जोडायचं) बटण दाबून धरून डिस्क बाहेर काढायचं बटण एकेक करून चार वेळा दाबा, दर वेळी दिवे एकेक आकडा दाखवतात. चारही दिवे म्हणजे शून्य. ०-१-०-२ आलं तर बहुतेक वेळा हीच सोल्डरची भानगड.

आणि कंपनीने काय केलं? अमेरिकेत सुरुवातीला ९० दिवसांची वॉरंटी होती. ओरड झाल्यावर डिसेंबर २००६ मध्ये ती एक वर्ष केली. ५ जुलै २००७ ला जाहीर केलं की तीन लाल दिव्यांसाठी खरेदीपासून तीन वर्षं वॉरंटी, आणि ज्यांनी आधीच दुरुस्तीचे पैसे भरलेत त्यांना ते परत. त्यासाठी १०५ ते ११५ कोटी डॉलर बाजूला काढले. उशीर केला, पण केलं, एवढं श्रेय मी मायक्रोसॉफ्टला देतो. निन्टेन्डोच्या जॉयकॉनचंही, म्हणजे त्यांच्या स्विच कन्सोलच्या छोट्या कंट्रोलरचंही, तेच. २०२० मध्ये अध्यक्ष शुंतारो फुरुकावांनी भागधारकांसमोर त्रासाबद्दल माफी मागितली, आणि २०२३ पासून युरोपात वॉरंटी संपल्यावरही ड्रिफ्टची दुरुस्ती मोफत. तिथे ग्राहक संघटना हात धुऊन मागे लागल्या होत्या, म्हणून. आपल्याकडे निन्टेन्डोचे कन्सोल बाहेरून आलेले, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेले. त्यांना कसली आलीय वॉरंटी?

आता कामाचं. वॉरंटी चालू असेल तर कंट्रोलर स्वतः उघडू नका, स्प्रेही मारू नका. आधी, मागे बारीक छिद्र असेल तर त्यात पिन घालून पाच सेकंद रीसेट करा, अपडेट करा, म्हणजे ‘हे करून पाहिलंत का’ हा प्रश्न उरत नाही. मग एकाच शॉटमध्ये व्हिडिओ काढा: सीरियल नंबर, तारीख दिसणारा फोन, टेबलावर ठेवलेला कंट्रोलर आणि पडद्यावर सरकणारी स्टिक. काउंटरवर देण्यापूर्वी सहाही बाजूंचे फोटो त्यांच्यासमोर काढा. जॉबशीटवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा: ‘डावी स्टिक हात न लावता सरकते’. नुसतं ‘कंट्रोलर चेक करणे’ लिहिलं असेल तर सही करू नका. आधीचे ओरखडे असतील तर तेही तिथेच नोंदवून घ्या. या मुलाने नेमकं हेच केलं नव्हतं, आणि करणार तरी कसं, सोळा वर्षांचं पोर. नकार दिला तर कोणता भाग कशामुळे खराब झाला ते लेखी मागा. काउंटरवरच्या मुलीवर मात्र आवाज चढवू नका, शिक्का तिने ठरवलेला नसतो.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल, व्हिडिओ आणि बिल जोडून. पंधरा दिवसांत उत्तर नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन. तरी हलले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइन दाखल होते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. बिल नसेल तर सगळं लंगडं पडतं, म्हणून बिलाचा फोटो आजच स्वतःला ईमेल करून ठेवा. गुळगुळीत थर्मल कागदावरच्या बिलाची छपाई काही महिन्यांत उडते.

वॉरंटी संपलीच असेल तर जॉयकॉन सोपा: मागचे चार तीन-पाकळी स्क्रू, बॅटरी, तिच्याखालची चौकट, मग स्टिकचे दोन स्क्रू आणि एक चपटी रिबन केबल. सोल्डरिंग नाही. मोठ्या कंट्रोलरमध्ये मोड्यूल १४ ठिकाणी सोल्डर केलेलं असतं. चौदाच्या चौदा मोकळे होण्याआधी खेचलं की बोर्डावरचं तांबं उपटतं, आणि मग खरंच नवा कंट्रोलर घ्यावा लागतो. बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेले पाय उष्णता पिऊन टाकतात, तिथे आधी नवीन सोल्डर लावून मगच सोल्डर ओढायचा पंप मारा. हॉल सेन्सरचं मोड्यूल टाकत असाल तर मधला बिंदू पुन्हा ठरवावा लागतो, नाहीतर नवी स्टिकही सरकते. आणि गंज काढायचं तेल आत मारू नका, दोन दिवस बरं वाटतं, मग भुकटीचा चिखल होतो.

लिहायला बसलो तेव्हा फार राग होता. आता त्या मुलाचा चेहराच जास्त आठवतोय. निघताना म्हणाला, “काका, माझ्याकडून खरंच पडला नव्हता.” आठ महिने जपून वापरलेली वस्तू, आणि एका शिक्क्याने त्याला घरात खोटं ठरवलं.

संध्याकाळी त्याच्या आईसमोर व्हिडिओ काढला. ३८ सेकंदांचा. कंट्रोलर टेबलावर, कुणाचा हात नाही, आणि पडद्यावरचा माणूस डावीकडे चालत चालत भिंतीपर्यंत जातो.