कुटुंबाच्या मूल्यांचा आदर राखण्याची सुलभ पद्धत

वाचा-भाषा उपचार (स्पीच थेरपी) देताना कुटुंबाच्या मूल्यांचा आदर राखावा, हे आपल्याला प्रशिक्षणातच शिकवलेले असते. तो आदर वेळापत्रकाला धक्का न लावता कसा राखावा, एवढेच शिकायचे राहून गेलेले असते. त्यासाठी पहिल्या भेटीच्या फॉर्मवर ‘घरी बोलली जाणारी भाषा’ असा रकाना ठेवावा, तो पालकांकडून भरून घ्यावा आणि पुन्हा त्याकडे ढुंकूनही पाहू नये.

मग घरात एकच भाषा बोलण्याचा सल्ला द्यावा. दोन भाषा कानावर पडल्याने भाषाविकार जडतो, याला संशोधनाचा आधार नाही. पण पालकांना असल्या तपशिलात कशाला गुंतवायचे? भाषा अर्थातच शाळेची निवडावी, म्हणजे जिला ती येत नाही आणि जिच्याजवळ मूल दिवसभर असते, ती आजी आपोआप गप्प होईल. पुढे अहवालात ‘घरात संवादाचा अभाव’ अशी नोंद करण्यास आपण मोकळे.

चाचणी निवडताना फारसा विचार करू नये. ती एकभाषिक मुलांवर प्रमाणित केलेली असली तरी गुणांचा तक्ता सुबक असतो. मुलाने चित्रावर बोट ठेवून घरच्या भाषेतला अचूक शब्द सांगितला, तर गोड हसावे आणि शून्य लिहावे. वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवण्याचे वळण असलेले मूल खाली पाहू लागले, तर तेही लक्षण म्हणून टिपावे. त्यानंतर स्वतःच्या हातात चेंडू धरून ‘हे काय आहे?’ असे विचारावे. एवढ्या मोठ्या माणसाला चेंडू ओळखता येत नाही याचे नवल वाटून मूल गप्प राहिले, की शब्दसंग्रह तोकडा ठरला.

घरच्या अभ्यासात आईने रोज जमिनीवर बसून खेळण्यांशी खेळत प्रत्येक कृतीचे वर्णन करावे, असे सांगावे. पापुआ न्यू गिनीतील कालुली समाजात आणि सामोआत मोठी माणसे लहानग्यांसाठी आपले बोलणे सोपे करत नाहीत, तरीही तेथील मुले बोलायला शिकतात, हे एलिनॉर ऑक्स आणि बाम्बी शिफेलिन या भाषिक मानवशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. त्या समाजांकडे आपले माहितीपत्रक पोहोचले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. भावंडांचा मेळा घरात असेल, तर तो ‘लक्ष विचलित करणारा घटक’ समजावा. दुभाषा हवा असेल तेव्हा मात्र त्यातलीच थोरली बहीण बोलवावी आणि धाकट्या भावाचे निदान तिच्याच तोंडून आईला सांगवून घ्यावे.

उद्दिष्टे पालकांना विचारून ठरवण्याचा मोह आवरावा. मुलाने आजोबांशी फोनवर दोन शब्द बोलावेत, घरच्या प्रार्थनेत सूर मिळवावा, अशा मोजता न येणाऱ्या गोष्टी ते मागतात. त्याऐवजी ‘दोन शब्दांची वाक्ये, ८० टक्के अचूकतेने’ असे लिहावे आणि सहीसाठी कागद पुढे करावा. जाणत्या माणसाला तोंडावर नाही म्हणणे ज्या घरात उद्धटपणा मानतात, तेथील पालक मान डोलावतील. ती संमती समजावी. पुढच्या सत्राला ते आले नाहीत, तर फाइलवर ‘पालकांचे सहकार्य नाही’ असा शेरा मारून प्रतीक्षायादीतले पुढचे नाव पुकारावे.