मला नाही बदलायचं तुमच्या घोळक्यात

परत तेच. एका मैत्रिणीने मला न विचारता एका ग्रुपमध्ये घातलं. नाव काय, तर '२१ दिवसांत नवी तू'. का? जुनीने कुणाचं काय बिघडवलंय? पहाटे पाचला उठल्याचा फोटो टाकायचा, रात्री झोपताना 'आज मी कुठे कमी पडले' हे सगळ्यांसमोर लिहायचं, आणि जी लिहिणार नाही तिच्या नावापुढे लाल फुली. चाळिशी उलटलेल्या, घर-नोकरी-आजारपणं सगळं निभावणाऱ्या बायकांच्या नावापुढे लाल फुली!

मी बाहेर पडले. पाच मिनिटांत तिचा फोन. "अगं, तू पळतेयस. हाच तुझा रेझिस्टन्स आहे."

हे जे आहे ना, हेच माझ्या डोक्यात जातं. 'हो' म्हटलं तर मी तयार आहे, 'नाही' म्हटलं तर मी घाबरलेय. म्हणजे या लोकांच्या जगात मला साधा नकार द्यायची सोयच नाही. मला नको आहे, कारण मला नको आहे, हे एका मोठ्या माणसाचं म्हणणं म्हणून कुणी ऐकूनच घेत नाही.

आणि मी न बघता बोलत नाहीये. दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या आग्रहाखातर अशाच एका शिबिराला गेले होते. बंद हॉल, शंभरावर माणसं, दारात फोन काढून घेतलेले. पहिल्याच दिवशी त्या मार्गदर्शकाने एका गृहस्थांना उभं केलं आणि वडिलांच्या मृत्यूबद्दल बोलायला सांगितलं. ते म्हणाले, मला इथे नाही बोलायचं. मार्गदर्शक म्हणाला, "बघा, हाच ब्लॉक!" म्हणजे मनातला अडथळा. मग दहा मिनिटं त्या माणसाला शब्दाशब्दाने सोलून काढलं. शेवटी तो रडला. आणि हॉलभर टाळ्या वाजल्या. एखाद्याचं दुःख सर्वांदेखत उघडं पाडलं म्हणून टाळ्या! मधल्या सुट्टीत ते जिन्यात एकटेच बसले होते. कुणी जवळ गेलं नाही. मीही गेले नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

यातला धोका काल कळलेला नाही. १९७३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गटात बसून एकमेकांसमोर मन उघडं करायचं, अशाच प्रकारचे गट होते ते. काही मुलं त्यातून दुखावून बाहेर पडली आणि कित्येक महिन्यांनंतरही सावरलेली नव्हती. अंगावर धावून जाणाऱ्या म्होरक्यांच्या गटांत हे जास्त घडलं. पन्नास वर्षं झाली याला! तरी अजून माणसं माईक हातात घेऊन अनोळखी लोकांच्या जखमा उकरतायत.

बरं, ते २१ दिवस तरी कुठून आले? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं, की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना कमीत कमी साधारण २१ दिवस लागतात. त्यातलं 'कमीत कमी' गळालं आणि उरला तो आकडा. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींचा १२ आठवडे पाठपुरावा केला. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. शिवाय एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात होतं. मग लाल फुली कशाला? नुसतं माणसाला खजील करायला?

मी नऊ वर्षं योग करतेय. पश्चिमोत्तानासनात माझे हात अजून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचत नाहीत. कदाचित कधीच पोचणार नाहीत, माझी कंबर तशी आहे. आमच्या बाईंनी नऊ वर्षांत एकदाही शेजारणीकडे बघ म्हटलेलं नाही. "आहेस तिथे थांब. श्वास बघ." एवढंच. पतंजलींच्या योगसूत्रांतलं 'स्थिरसुखमासनम्', आसन स्थिर आणि सुखाचं असावं, म्हणजे काय, ते मला या दोन वाक्यांनी शिकवलं. जिथे आहे तिथे सुखाने टिकायला मला खूप वर्षं लागली. आरशात स्वतःकडे बघून तोंड फिरवायची सवय होती मला, ती मोडायला त्याहून जास्त. ती कुठल्या टाळ्यांनी नाही मोडली.

आणि हे लोक वर योगाचंच नाव घेतात! पतंजलींच्या पाच नियमांत तप आहे, स्वाध्याय आहे, तसा संतोषही आहे. यांना तप तेवढं दिसतं, संतोष दिसत नाही, कारण संतोष असलेला माणूस 'अ‍ॅडव्हान्स लेव्हल'ला नाव नोंदवत नाही. हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात तर योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्यात : अत्याहार (अति खाणं), प्रयास, प्रजल्प, नियमाग्रह, जनसंग आणि लौल्य (मनाची चंचलता). प्रयास म्हणजे शरीराला नको इतकं ताणणं, प्रजल्प म्हणजे अखंड बडबड, नियमाग्रह म्हणजे नियमांचा हट्ट, जनसंग म्हणजे माणसांची नको तितकी संगत. वाचा आणि त्या ग्रुपवर एक नजर टाका. यातल्या या शेवटी सांगितलेल्या चारही तिथे नांदतायत.

कुणाला चार जणांसोबत राहून बळ मिळत असेल तर मिळो. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसाला, एकट्या पडलेल्याला गटाचा आधार किती मोठा असतो ते मला ठाऊक आहे. पण तिथे माणूस स्वतःहून, गरज म्हणून जातो. मला मात्र आधी मोडकी ठरवतात आणि मग दुरुस्तीला बोलावतात. मी मोडकी नाहीये. मला गुडघेदुखी आहे, मला राग येतो, मी काही दिवस उशिरा उठते, आणि तरी मी ठीक आहे.

मैत्रिणीला एवढंच लिहिलंय : भेटायला ये, हवं तेवढं बोलू, पण मला न विचारता परत कुठल्या ग्रुपमध्ये घालू नकोस. तिने वाचलंय. उत्तर अजून आलेलं नाही.