गिऱ्हाईक कोण, घरमालक की मिस्त्री?

माझा मामेभाऊ सांगलीत हार्डवेअरचं दुकान चालवतो. वर्षातून दोनदा तरी तो मला फोनवर एकच प्रश्न विचारतो, "तुमच्याकडची ती अवाढव्य दुकानं इकडे आली तर आमचं काय?" पहिल्यांदा विचारला तो २०१२ मध्ये. केंद्राने तेव्हा मल्टिब्रँड (एकाच दुकानात अनेक कंपन्यांचा माल) किरकोळ विक्रीत ५१ टक्के परदेशी गुंतवणुकीला परवानगी दिली आणि अंमलबजावणी राज्यांवर सोडली. महाराष्ट्राचा होकार होता, त्यामुळे धास्ती अगदीच अनाठायी नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत फर्निचरवालं आयकिया उघडलं तेव्हा प्रश्न परत आला. हल्ली तो दहा मिनिटांत बल्ब घरपोच करणाऱ्या ॲपवरून येतो.

मी अमेरिकेत अटलांटाजवळ राहतो, म्हणजे थेट त्या राक्षसाच्या माहेरी. घरदुरुस्तीचं सामान विकणाऱ्या होम डेपोची पहिली दोन दुकानं १९७९ मध्ये इथेच उघडली. बर्नी मार्कस आणि आर्थर ब्लँक यांना आधीच्या कंपनीने काढून टाकलं होतं. त्या दोघांचा हा उद्योग. आज २,३०० हून जास्त दुकानं आहेत आणि २०२४ च्या आर्थिक वर्षातली विक्री १५९ अब्ज डॉलरच्या वर होती. दुसऱ्या नंबरच्या लोजची विक्री साधारण त्याच्या निम्मी. भावाला एवढंच दिसतं. या राक्षसाची झोप कशाने उडते ते मात्र त्याला माझ्याकडून ऐकावं लागतं.

ती उडते व्याजदराने. जानेवारी २०२१ मध्ये इथे तीस वर्षांचं स्थिर दराचं गृहकर्ज पावणेतीन टक्क्यांच्याही खाली मिळत होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच दर पावणेआठच्या वर गेला. घर बदलायचं तर जुनं स्वस्तातलं कर्ज सोडून महागातलं घ्यायचं, ते कोण घेईल? माझा शेजारी तीन वर्षं 'आता हे घर विकायचं' म्हणतोय आणि तीन वर्षं तिथेच आहे. असे शेजारी देशभर आहेत. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत जुन्या घरांची विक्री १९९५ नंतरच्या नीचांकावर होती. घर हलतं तेव्हाच या दुकानांचा गल्ला वाजतो. विकणारा आधी रंग देतो, घेणारा आल्या आल्या स्वयंपाकघर फोडतो. घर हललं नाही तर माणूस फार तर एखादा दिवा बदलतो. समोर प्रतिस्पर्धी नसतानाही धंदा बसू शकतो, तो असा.

बाकी धोकेही आहेत. आयात शुल्क वाढलं की लाकडापासून नळापर्यंत सगळ्याचं गणित बदलतं. २०१४ मध्ये चोरांनी एका पुरवठादाराचा पासवर्ड वापरून होम डेपोच्या यंत्रणेत शिरकाव केला आणि ५ कोटी ६० लाख कार्डांची माहिती पळवली. (भावाची उधारीची वही आजवर कोणी हॅक केलेली नाही, हे त्याला मी मुद्दाम सांगितलं.)

पण खरी गोष्ट मला कळली ती सिंकखाली आडवा पडलेलो असताना. नळ गळत होता. प्लंबरने नुसतं येण्याचे जे पैसे सांगितले, त्यात सांगलीत दोन दिवसांचं काम झालं असतं. मग मीच दुकानात गेलो. पहिल्या वेळी चुकीचा वायसर आणला, दुसऱ्या वेळी पाना विसरलो. तिसऱ्या फेरीत नळ थांबला. त्या तीन फेऱ्या म्हणजेच या धंद्याचा पाया: इथे मजुरी महाग, म्हणून शनिवारी घरमालकच प्लंबर होतो. मजुरी स्वस्त असेल तिथे हा पाया ढिला पडतो. होम डेपोने २००६ मध्ये चीनमध्ये बारा दुकानं विकत घेतली आणि २०१२ मध्ये उरलेली सात मोठी दुकानं बंद केली. तिथल्या लोकांना स्वतः काम करण्यापेक्षा करून घेणं पसंत आहे, असं कंपनीनेच तेव्हा सांगितलं. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? सोसायटीत कोणी स्वतः बिजागरी बसवताना दिसला तर आधी त्याची चौकशी होते, नोकरी वगैरे ठीक आहे ना म्हणून.

आता गंमत बघा. २०२४ मध्ये होम डेपोने एसआरएस ही कंपनी तब्बल १८.२५ अब्ज डॉलरना घेतली. ती छप्पर घालणाऱ्या, बागा आणि पोहण्याचे तलाव बांधणाऱ्या ठेकेदारांना माल पुरवते. पुढच्या वर्षी लोजनेही ठेकेदारांना माल देणारी एक मोठी कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. घरमालकाच्या शनिवारवर वाढलेल्या कंपन्या आता ठेकेदाराच्या सोमवारकडे वळल्यात. त्याला हवं काय, तर साइटवर वेळेत माल, उधारी, आणि नावाने ओळखणारा माणूस. माझा भाऊ हे तीस वर्षं करतोय. प्लायवुड कुठलं घ्यायचं ते घरमालक ठरवत नाही, सुतार ठरवतो. त्यात सुताराचे टक्के असतात, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मला ती पद्धत आवडत नाही, कारण शेवटी भुर्दंड घरमालकालाच. पण भावाची तटबंदी तीच.

म्हणून 'परदेशी दुकान आलं तर' हा आपल्याकडचा वाद मला इथून भलतीकडे पाहणारा वाटतो. काचेच्या शोरूममुळे भावाचं नुकसान होईल ते थोडं. मिस्त्री फुटला तर मात्र सगळंच गेलं. २०२४ च्या सुरुवातीला बिर्ला ओपस रंगांच्या बाजारात उतरलं, तेव्हापासून ओढाताण चालू आहे ती विक्रेत्यासाठी आणि रंगाऱ्यासाठी. टीव्हीवरच्या जाहिरातीत घरमालक दिसतो तेवढाच.

मागच्या महिन्यात हे सगळं भावाला ऐकवलं. नेहमी मला मधेच तोडणारा तो गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, पूर्वी रंगाच्या डब्यात टोकन निघायचं. रंगारी ते घेऊन माझ्याकडे यायचा, मी पैसे द्यायचो, चहा व्हायचा, पुढच्या कामाची यादी तिथेच लिहून व्हायची. आता कोड स्कॅन करतो, पैसे कंपनीकडून थेट त्याच्या खात्यात."

"मग चहाला येतो की नाही?"

"दिवाळीनंतर दोनदा आला."